सपोर्ट कोण घेणार? पहिल्या दहा मिनिटांचा इतिहास

या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना मी जिथे वाहवत गेलो तिथे थोडी काटछाट केली आहे, बाकी सगळं तसंच आहे. लोकलमध्ये इअरफोन सापडत नसतील तर वाचा, घरी गेल्यावर ऐका.

आजचा विषय तुमच्या रोजच्या भांडणाचा आहे. पाच अनोळखी माणसं एका टीममध्ये येतात. गेम सुरू व्हायला अर्धा मिनिट असतो. चॅटमध्ये एक जण लिहितो "मिड". दुसराही लिहितो "मिड". तिसरा न विचारता सगळ्यात भारी कॅरी उचलतो. चौथा जंगलात पळतो. आणि पाचव्याच्या वाट्याला काय उरतं? सपोर्ट. म्हणजे आधी वॉर्ड लावा, दुसऱ्याला वाचवा, स्वतः मरा, आणि शेवटच्या स्कोअरबोर्डवर तुमच्या नावासमोर ०/७/१२ बघून लोकांच्या शिव्या खा.

हे कॅरी, मिड, ऑफलेन, जंगलर, सपोर्ट कुठून आले? गेम बनवणाऱ्याने सुरुवातीला नियम लिहिला होता का, की एकाने गरीब राहायचं? तर नाही. हे रोल कोणी वरून ठरवून दिले नाहीत. खेळणाऱ्यांनी नकाशाचं गणित करत करत ते शोधून काढले. कंपन्यांनी त्यांच्यावर शिक्का नंतर मारला. हा इतिहास मला आवडतो, कारण तो दिसतो गेमचा, पण आहे कामाच्या वाटपाचा. कोण कमावणार, कोण सोसणार, आणि सोसणाऱ्याला त्याचं श्रेय कधी मिळणार, याचा.

तीन रस्ते, पाच माणसं

सुरुवात होते १९९८ साली आलेल्या स्टारक्राफ्टपासून. या गेमसोबत स्वतःचे नकाशे बनवायचं साधन मिळायचं. त्यातून एका हौशी माणसाने 'इऑन ऑफ स्ट्राइफ' नावाचा नकाशा बनवला. रस्त्यांवरून कॉम्प्युटरचे सैनिक आपोआप चालत येतात आणि तुम्ही अख्खी फौज न सांभाळता फक्त एक हिरो चालवता, एवढीच कल्पना. मग २००२ मध्ये वॉरक्राफ्ट ३ आला आणि यूल या टोपणनावाच्या खेळाडूने त्यावर 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स' बनवला. आपण ज्याला डोटा म्हणतो तो हाच. पुढे त्याच्या ढिगाने आवृत्त्या निघाल्या. त्यातली 'डोटा ऑलस्टार्स' टिकली. ती आधी स्टीव्ह फीक ऊर्फ गिन्सू याने सांभाळली आणि २००५ पासून आइसफ्रॉग या टोपणनावाच्या माणसाने.

एक गंमत सांगतो. डोटामधला मोठा राक्षस रोशन. नाव ऐकून आपल्याला वाटतं, हा नक्की आपल्याकडचा कुणीतरी असणार. पण ते नाव गिन्सूच्या बोलिंगच्या चेंडूवरून आलंय! असो.

मुद्द्याची गोष्ट म्हणजे नकाशा. तीन रस्ते, म्हणजे तीन लेन. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. दर ३० सेकंदांनी प्रत्येक लेनमध्ये सैनिकांची एक तुकडी येते. सैनिकाला शेवटचा फटका जो मारतो त्याला गोल्ड मिळतं, आणि जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांमध्ये अनुभव, म्हणजे एक्सपी, वाटला जातो. बस्स. बाकी सगळं या दोन वाक्यांतून निघतं.

नीट बघा. गोल्ड वाटून घेता येत नाही, फटका एकाचाच लागतो. एक्सपी वाटला जातो, पण मग प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. पहिल्या दहा मिनिटांत एका लेनमध्ये साधारण शंभराच्या आत-बाहेर सैनिक येणार. तिथे दोघं उभे राहिले आणि पन्नास-पन्नास घेतले, तर दोघंही अर्धवट राहतात. एकाने शंभर घेतले आणि दुसऱ्याने शून्य, तर निदान एक तरी तगडा होतो. आणि तीन लेनवर पाच माणसं पाठवायची म्हणजे कुठेतरी गर्दी होणारच. तीन भाकऱ्या आणि पाच जण जेवायला, असा हा मामला आहे. सगळ्यांना सारखं वाढलं तर सगळेच अर्धपोटी. म्हणून प्रश्न असा झाला: उपाशी कोणी राहायचं आणि त्याच्या बदल्यात त्याने काय करायचं?

एक ते पाच: रांगेतला नंबर

डोटावाल्यांनी याचं उत्तर फार रोखठोक दिलं. त्यांनी खेळाडूंना १ ते ५ नंबर दिले. हा नंबर कौशल्याचा नाही, गोल्डच्या रांगेतला आहे. १ नंबरवाल्याचा गोल्डवर पहिला हक्क, तो कॅरी. २ नंबर मिड. ३ नंबर ऑफलेन. ४ आणि ५ हे सपोर्ट. त्यातला ५ नंबर सगळ्यात शेवटी जेवणारा.

कॅरी या शब्दात सगळं आलं. हा माणूस गेमच्या शेवटी टीमला खांद्यावर घेणार. पण त्याआधी सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं टीमनेच त्याला कडेवर घ्यायचं. अँटी-मेजसारखा हिरो पाचव्या मिनिटाला अगदी लेचापेचा असतो, आणि सामान पूर्ण झालं की पस्तिसाव्या मिनिटाला तोच समोरच्यांना पळता भुई थोडी करतो. म्हणून त्याला सुरक्षित लेनमध्ये ठेवायचं आणि सोबत कधी एक, कधी दोन सपोर्ट द्यायचे. तिघं एकाच लेनमध्ये गेले की त्याला ट्राय-लेन म्हणायचे. मग समोरच्या टीमच्या ३ नंबरवाल्याला त्या तिघांपुढे एकट्याने उभं राहावं लागायचं. त्याचं काम गोल्ड कमावणं नव्हतंच. मरायचं नाही, जवळपास राहून जमेल तेवढा एक्सपी चाटायचा, आणि समोरच्या तिघांचा वेळ खायचा.

इथे मला कबड्डी आठवते. टाळ्या रेडरला पडतात, कारण गुण तो घेऊन येतो. कोपऱ्यात उभा असलेला कॉर्नर डिफेंडर वीस रेड नुसता वाकून वाट बघतो आणि एकविसाव्या रेडला घोटा धरतो. त्या वीस रेडमध्ये त्याने काय केलं हे स्कोअरबोर्ड सांगत नाही. पण रेडर त्या बाजूला गेला नाही, हीच त्याची कमाई असते. सपोर्टचं आणि ऑफलेनरचं बरंचसं काम असं, न घडलेल्या गोष्टींमध्ये असतं.

यॉनशॉपिंग, २०११

आता दुसऱ्या गेमकडे येऊ. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये रायट गेम्सने 'लीग ऑफ लेजेंड्स' आणला. आपला गिन्सूही त्या टीममध्ये होता. नकाशाची कल्पना तीच, पण डोटापेक्षा थोडी सोपी. सुरुवातीला कोण कुठे जाणार याचा काही धरबंध नव्हता. दोन वर, दोन खाली, एक मध्ये, अशी मांडणी सर्रास दिसायची. जंगलात कोणी जायचं की नाही, हासुद्धा वादाचा विषय होता.

जून २०११ मध्ये स्वीडनमधल्या यॉनशॉपिंग शहरात ड्रीमहॅक या संगणक-मेळ्यात लीगची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आजच्यासारखं स्टेडियम वगैरे काही नाही. फायनलमध्ये युरोपच्याच दोन टीम्स आल्या: फ्नॅटिक आणि फ्रान्सची अगेन्स्ट ऑल अथॉरिटी. फ्नॅटिक जिंकली. युरोपमधले खेळाडू तोपर्यंत एका ठरावीक मांडणीवर येऊन पोहोचले होते. वरच्या लेनमध्ये एक दणकट माणूस, मध्ये जादूगार, जंगलात एक, आणि खाली दोघं: लांबून मारणारा कॅरी आणि त्याचा सपोर्ट. लोक या मांडणीला 'युरोपियन मेटा' म्हणायला लागले. आज फोनवरच्या गेममध्येही तुम्ही हेच खेळता.

ही मांडणी का जिंकली? कारण तिच्यात एकही गोष्ट वाया जात नाही. एकेक जागा घेऊन बघू.

जंगल. तिथे राक्षस नुसते बसून असतात. कोणी मारले नाहीत तर ते गोल्ड आणि तो एक्सपी फुकट गेला. एक माणूस तिथे गेला की तो कोणाच्या ताटातलं न खाता पोट भरतो. शिवाय त्याच्या जाण्याने वरची लेन एकट्याला मिळते, म्हणजे तिथला पूर्ण एक्सपी एकाला. आणि जंगलातला माणूस समोरच्यांना दिसत नाही. तो कुठूनही उगवू शकतो, या भीतीनेच तिन्ही लेनमधले लोक पाऊल जपून टाकतात.

मिड. ही सगळ्यात आखूड लेन. आपला टॉवर जवळ, म्हणून पळायला सोपं. आणि मध्यावर असल्यामुळे वर-खाली दोन्हीकडे मदतीला जाता येतं. जादूगाराला सामानापेक्षा लेव्हल आधी लागते. म्हणून त्याला एकट्याला पूर्ण एक्सपी देणारी, तरीही सुरक्षित अशी ही जागा.

खालची जोडी. कॅरीचं उलटं असतं. त्याला लेव्हलपेक्षा सामान, म्हणजे गोल्ड जास्त लागतं. म्हणून एक्सपी वाटून गेला तरी त्याला चालतो, पण गोल्ड सगळं त्याचं. सपोर्ट एक्सपीचा वाटा घेतो आणि गोल्डला हात लावत नाही. पण मग ही जोडी खालीच का, वर का नाही? कारण ड्रॅगन खालच्या बाजूच्या नदीत आहे. ड्रॅगन मारला की पाचही जणांना गोल्ड मिळायचं, आणि तो गेमच्या सुरुवातीच्या मिनिटांतच यायचा. बॅरन वरच्या बाजूला, पण तो त्या काळी यायचा १५ व्या मिनिटाला. मग सुरुवातीला जिथे भांडण होणार तिथेच एक माणूस जास्त ठेवला. इतकं सरळ कारण.

मी रोज जे काम करतो त्यात याला रिसोर्स अलोकेशन म्हणतात. मर्यादित सर्व्हर, भरपूर मागण्या. कोणाला काय द्यायचं ते ठरवा. यॉनशॉपिंगच्या त्या पोरांनी कोणत्याही व्हाइटबोर्डशिवाय हे सोडवून दाखवलं होतं.

७५ गोल्डचा दिवा

पण या सुबक गणितात एक माणूस चेपला गेला. सपोर्ट किती गरीब होता, हे आकड्यांत सांगतो.

तेव्हा लीगमध्ये गेम सुरू होताना प्रत्येकाच्या खिशात ४७५ गोल्ड असायचं. एक वॉर्ड, म्हणजे नकाशावरचा अंधार उजळणारा दिवा, ७५ गोल्डला मिळायचा आणि तीन मिनिटांत विझायचा. आता हिशोब करा. नकाशावरची फक्त एक जागा अर्धा तास उजळलेली ठेवायची तर दहा वॉर्ड लागतात, म्हणजे ७५० गोल्ड. दोन जागा ठेवायच्या तर १५००. आणि हे गोल्ड आणायचं कुठून, तर ज्याला सैनिक मारायची परवानगीच नाही त्याने! दर काही सेकंदांनी थोडंथोडं गोल्ड टपकवणारं स्वस्त सामान आधी घ्यायचं आणि ती पेन्शन पुन्हा वॉर्डमध्ये घालायची. कॅरी चौथी मोठी वस्तू घ्यायचा तेव्हा सपोर्ट बूट घ्यावेत की वॉर्ड, या विचारात असायचा.

काम सगळ्यांचं, पण बिल एकाच्या नावावर. वॉर्डमुळे पाचही जण वाचतात, पण पैसे एकानेच भरायचे. सोसायटीच्या जिन्यातला दिवा एकाच फ्लॅटच्या मीटरवर असल्यासारखं हे झालं.

रायटला हे कळायला वेळ लागला, पण कळलं. २०१२ च्या शेवटी साइटस्टोन नावाची वस्तू आली. एकदा घ्या आणि पुन्हा पुन्हा वॉर्ड लावा. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मोठा बदल झाला. प्रत्येक खेळाडूला फुकट वॉर्ड लावायचं ट्रिंकेट मिळालं, आणि एका माणसाने एका वेळी किती वॉर्ड लावायचे यावर मर्यादा आली. म्हणजे अंधार हटवणं हे आता कागदोपत्रीही पाचही जणांचं काम झालं. डोटामध्येही असंच काहीसं घडलं. सामान आणून देणारा कुरिअर वर्षानुवर्षं सपोर्टनेच विकत घ्यायचा असा रिवाज होता. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रत्येकाला स्वतःचा कुरिअर फुकट मिळाला.

अंधारातून आलेली मंडळी

मधल्या काळात खेळाडू गप्प बसले नव्हते. रशियाची मॉस्को फाइव्ह ही टीम २०१२ च्या जानेवारीत कीव्हमधली आयईएम स्पर्धा जिंकून गेली आणि बाकीच्यांची झोप उडाली. त्यांचा जंगलर डायमंडप्रॉक्स स्वतःच्या जंगलात शांतपणे राक्षस मारत बसायचा नाही. तो समोरच्याच्या जंगलात घुसायचा, त्याचे राक्षस चोरायचा, त्याला हाकलायचा. तोपर्यंत जंगलर म्हणजे लेनला मदत करणारा माणूस, अशी समजूत होती. आता कळलं की समोरच्या जंगलरला उपाशी ठेवणं हीसुद्धा कमाईच आहे. पहिली पाच मिनिटं, जी लोक शांतपणे शेती करण्यात घालवायचे, ती आता लढाईची झाली.

आणि मग आला माझा सगळ्यात आवडता किस्सा. २०१४ चं वर्ल्ड्स. फायनल १९ ऑक्टोबरला सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियममध्ये. हो, तेच मैदान जिथे २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले होते. दक्षिण कोरियाची सॅमसंग व्हाइट विरुद्ध चीनची स्टार हॉर्न रॉयल क्लब. व्हाइट ३-१ ने जिंकली. आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? माटा. त्यांचा सपोर्ट!

माटाने काय केलं होतं? तो खालच्या लेनमध्ये कॅरीला चिकटून बसायचा नाही. लेन जरा स्थिरावली की तो जंगलर डँडीला सोबत घेऊन नकाशाभर फिरायचा. स्वतःचे वॉर्ड लावायचा, समोरच्यांचे उपटायचा. थोड्या वेळाने चित्र असं व्हायचं की व्हाइटला सगळं दिसतंय आणि समोरच्यांना काहीच दिसत नाहीये. आंधळ्या टीमला प्रत्येक झुडपाची भीती वाटते. मग ती मागे सरते, आणि मागे सरली की सैनिक, राक्षस, टॉवर, सगळं एकेक करून जातं. पाचवा नंबर, सगळ्यात कमी गोल्ड, आणि अख्खा नकाशा त्याच्या मुठीत. ज्याच्याकडे द्यायला गोल्ड नाही, त्याच्याकडे वेळ असतो. लेनमध्ये अडकलेल्या तिघांकडे नेमका तोच नसतो.

कंपनी मध्ये पडते

आता या गोष्टीतला वादाचा भाग.

जर मांडणी गणितातून आली असेल, तर कोणीतरी ती गणितानेच मोडणार. व्यावसायिक टीम्सनी विचार केला, की खालच्या जोडीने खालीच का जायचं? ती वर पाठवू. समोरचा एकटा तिथे काय करणार? दोघं मिळून त्याला सैनिकांजवळ फिरकू देत नाहीत आणि टॉवर पाडतात. याला लेन-स्वॅप म्हणतात. मग समोरच्यांनीही तेच सुरू केलं. २०१३ ते २०१६ च्या दरम्यान मोठ्या स्पर्धांमध्ये हे इतकं वाढलं, की बऱ्याच सामन्यांची पहिली काही मिनिटं म्हणजे दोन टीम्स एकमेकांना टाळून विरुद्ध बाजूचे टॉवर पाडताहेत. वरच्या लेनचा बिचारा खेळाडू बाकीचे सहाव्या लेव्हलला पोचत असताना तिसऱ्या-चौथ्यावर घुटमळत असायचा.

डावपेच म्हणून हे हुशार होतं. बघायला मात्र कंटाळवाणं. शिवाय घरी खेळणारा पोरगा आणि स्टेजवरचा खेळाडू जणू दोन वेगळे गेम खेळायला लागले होते. २०१६ च्या जुलैमध्ये रायटने पॅच ६.१५ आणला. पहिला टॉवर पाडणाऱ्याला जादा गोल्ड दिलं आणि सुरुवातीला खालचा टॉवर वरच्या आणि मधल्या टॉवरपेक्षा कच्चा केला. झालं. जोडी खाली पाठवली नाही तर तोटा तुमचाच. सगळे आपापल्या जागी परतले.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट झाली. गेम शोधतानाच रोल निवडायची सोय आली. "मिड" आधी कोण टाइप करतो ही शर्यत संपली. आता तुम्ही दोन आवडते रोल सांगायचे आणि कॉम्प्युटर पाच जणांची टीम जुळवणार. आणि लगेच लक्षात आलं की सपोर्ट निवडला की रांग भराभर सरकते, कारण ते काम कोणाला नको आहे.

मला यात दोन्ही बाजू पटतात, आणि ऐकणाऱ्यांनीही घाई न करता विचार करावा असं वाटतं. एका बाजूला, चॅटमधली शिवीगाळ कमी झाली. नवीन माणसाला आपण कुठे उभं राहायचं हे कळलं. दुसऱ्या बाजूला, खेळाडूंनी शोधलेली एक चाल कायद्याने बंद झाली आणि २०११ ची तोड हाच नियम बनला. यॉनशॉपिंगच्या वेळी असं रोल निवडायचं बटण असतं, तर युरोपियन मेटा जन्मालाच आला नसता. बटण आधीच्याच मांडणीचं असतं! आणि चाल कायमची मेली असंही नाही. २०२४ मध्ये लेन-स्वॅप पुन्हा डोकं वर काढून आला, आणि २०२५ मध्ये रायटने गेममध्येच तो ओळखून दंड करणारी यंत्रणा बसवली.

डोटाचा दुसरा रस्ता

डोटा २ ने हा दरवाजा बराच उघडा ठेवला. तिथे नंबर आहेत, पण कोणता हिरो कोणत्या नंबरवर खेळेल याला फारसं बंधन नाही. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ओजी ही टीम. २०१८ मध्ये त्यांनी द इंटरनॅशनल जिंकली, आणि २०१९ मध्ये शांघायला पुन्हा जिंकली. ही स्पर्धा दोनदा जिंकणारी ती पहिली टीम.

२०१९ ला त्यांनी काय केलं? आयो नावाचा एक हिरो आहे. प्रकाशाचा गोळा. वर्षानुवर्षं तो म्हणजे सपोर्टांचा सपोर्ट. दुसऱ्याला दोरीने बांधून घ्यायचं आणि त्याला बरं करायचं, एवढंच त्याचं काम. ओजीने तो त्यांचा कॅरी, ॲना, याच्या हातात दिला. १ नंबरवर, सगळं गोल्ड घेऊन. ज्याला लोक आयुष्यभर मदतनीस समजत होते, तोच सामना संपवायला लागला. आणि या टीमचा कॅप्टन नोटेल स्वतः ५ नंबरवर खेळायचा. म्हणजे सगळ्यात शेवटी जेवणाराच घर चालवत होता.

आपल्याकडे

आपल्या पिढीने हे सगळं कुठे शिकलं? माझ्यासारख्यांनी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, लॅनवर. २०१४ ते २०१८ च्या त्या काळातही आमच्याकडे जुना डोटा चालायचा, कारण तो पेन ड्राइव्हमध्ये मावायचा आणि कोणत्याही डब्बा लॅपटॉपवर पळायचा. रोलवाटप कसं? सीनियर मिड, त्याचा रूममेट कॅरी, आणि फर्स्ट इयरचा पोरगा सपोर्ट. गणित वगैरे काही नाही, निव्वळ ज्येष्ठता! गंमत अशी की त्या फर्स्ट इयरच्या पोरांनाच नकाशा सगळ्यात आधी कळायला लागला, कारण त्यांना स्वतःच्या हिरोशिवाय बाकी सगळ्यांकडे बघावं लागायचं.

मग फोन आले. २०१६ मध्ये मोबाइल लेजेंड्स निघाला आणि तुमच्यापैकी अनेकांचा पहिला गेम तोच असेल. २९ जून २०२० ला भारताने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात तोही होता. त्या गेममध्ये एक गोष्ट बघण्यासारखी आहे. त्यात पुढे लेनची नावंच 'गोल्ड लेन' आणि 'एक्सपी लेन' झाली. सुरुवातीच्या मिनिटांत एका लेनमध्ये गोल्ड जास्त, दुसरीत एक्सपी जास्त. म्हणजे जे गणित युरोपच्या पोरांनी डोक्याने सोडवलं, ते आता थेट रस्त्याच्या पाटीवर लिहून टाकलंय. बीजीएमआय वेगळ्या जातीचा गेम, चार जणांचा. पण तिथेही आयजीएल, असॉल्टर, सपोर्ट आलेच. तिथे पहिल्या मिनिटाचा प्रश्न लेनचा नसतो, उडी कुठे मारायची याचा असतो. चौघांनी एकाच घरात उतरून एका बंदुकीसाठी भांडायचं की चार घरं वाटून घ्यायची? पुन्हा तेच, ताटं कमी आणि जेवणारे जास्त.

आणि आपण यात नुसते प्रेक्षक नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला झालेल्या पहिल्या कॉमनवेल्थ ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा २ टीमने कांस्यपदक आणलं. बातमी आली आणि दोन दिवसांत विरली. पण ज्यांनी हॉस्टेलवर रात्री दोन वाजता वॉर्ड लावलेत, त्यांना त्या पदकाचं वजन कळलं.

मग आपण काय घ्यायचं?

एक. पहिल्या दहा मिनिटांत 'मला कोणता हिरो आवडतो' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की आपल्या पाच जणांत गोल्ड कोणाकडे गेलं तर टीम जिंकेल. हे ठरवायला पंधरा सेकंद लागतात. टाइप करा आणि मोकळे व्हा.

दोन. सपोर्ट घेतला असेल तर कॅरीचे सैनिक मारू नका, पण त्याची सावलीही बनू नका. माटाकडून शिकायचं ते हेच. लेन स्थिर झाली की उठा, नदी उजळा, जंगलरसोबत फिरा. तुमच्याकडे वेळ आहे, तो खर्च करा.

तीन. कॅरी घेतला असेल तर लक्षात ठेवा, तुमच्या खिशातलं गोल्ड तुमचं एकट्याचं नाही. कोणीतरी शून्य सैनिक मारून ते तुमच्यासाठी सोडलंय. ते उधार आहे. आणि उधारी पस्तिसाव्या मिनिटाला एकट्याने हिरोगिरी करून फेडता येत नाही, तर टीमसोबत उभं राहून फेडायची असते.

चार. हे ऑफिसात आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही बघा. डेमो देणारा एक असतो. रात्री सर्व्हर पडल्यावर उठणारा दुसरा. डॉक्युमेंटेशन लिहिणारा तिसरा. अप्रेझलच्या स्कोअरबोर्डवर कोणाचे आकडे दिसतात, ते तुम्हाला माहीत आहे. लीगला सपोर्टचं बिल सगळ्यांमध्ये वाटायला दोन-तीन वर्षं लागली, डोटाला कुरिअरसाठी त्याहून कितीतरी जास्त. पण दोन्हीकडे उपाय एकच निघाला. काम सगळ्यांचं असेल तर खर्चही सगळ्यांवर टाका. आणि जो माणूस न घडलेल्या गोष्टींची काळजी घेतो, त्याचं नाव घ्या. सोलच्या स्टेडियममध्ये त्यांनी घेतलं होतं.

पुढच्या एपिसोडमध्ये बघू की ड्राफ्टमध्ये हिरो बॅन करायची पद्धत कुठून आली आणि समोरच्याचा आवडता हिरो काढून घेणं हे शहाणपण आहे की नुसती भीती. तोपर्यंत सांगा, तुमच्या ग्रुपमध्ये कायम पाचवा नंबर कोण घेतो? त्याला हा एपिसोड पाठवा. भेटू!